फोनातल्या भाषेचा मालक कोण?

हे उद्यमबाग, बेळगावातला कारखान्यांचा भाग. भट्टीतला वितळलेल्या धातूचा लाल रस लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, उतरतोय, तिथनं साच्यात जाईल, मग थंड झालं की साचा फोडायचा, ग्राइंडिंग, मशीनिंग, पॅकिंग, आणि यातला काही माल थेट परदेशात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं बऱ्याच भारतीय मालावरचा टॅरिफ ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा इथं सगळ्यांच्या तोंडी तोच विषय.

जेवणाच्या सुट्टीत हा पोरगा बघा, बोटांना काळी वाळू आणि फोनवर जर्मन. त्याला मशीनिस्ट म्हणून तिकडं जायचंय. ड्युओलिंगो हे भाषा शिकवणारं ॲप त्यानं काढून टाकलं, त्याला आता अमेरिकन ॲप नको. शिकवतं चांगलं, फुकट पण आहे, हे तो मान्य करतो, पण कंपनी अमेरिकेतल्या पिट्सबर्गची, २०२१ पासून तिथल्याच नॅस्डॅक शेअरबाजारात, मग आपला रोजचा वेळ आणि जाहिरातीचा पैसा तिकडं कशाला द्यायचा? आम्हालाही हेच पटतं.

आता मालक शोधायचा कसा, ते त्याच्या स्क्रीनवरच बघा. प्ले स्टोअरवर ॲपचं पान उघडलं, खाली डेव्हलपरचा पत्ता. तेवढ्यावर थांबायचं नाही. प्रायव्हसी पॉलिसीत जायचं, तिथं कंपनीचं कायदेशीर नाव मिळतं, ते नाव घेऊन बातम्यांत बघायचं की ही कंपनी मधे कुणी विकत घेतली का. लोक हेच सोडतात आणि फसतात. बुसू हे असंच भाषेचं ॲप २००८ मध्ये माद्रिदमध्ये सुरू झालं, नंतर लंडनला गेलं, म्हणून लोक युरोपचं समजून बिनधास्त घेतात, पण २०२२ पासून ते चेग या अमेरिकन कंपनीचं आहे. ड्रॉप्स हे दुसरं ॲप २०२० मध्ये नॉर्वेच्या काहूट कंपनीनं घेतलं, आणि पुढं त्या काहूटलाच अमेरिकेच्या गोल्डमन सॅक्सच्या पुढाकारातल्या गटानं घेतलं! पत्ता युरोपचा राहतो, मालक बदलतो.

मग राहिलं काय? बॅबल, बर्लिनची कंपनी, २००७ पासूनची, या पोरानं तेच घेतलंय. मोंडली रोमानियाचं, २०२२ पासून ब्रिटनच्या पिअर्सनकडं. पैसे मात्र दोन्हीकडं मोजावे लागतात.

ही खडेबाजारातली गर्दी, आणि हे सीबीटी बसस्थानकावरचे बसचे बोर्ड. खानापूरहून आलेली ही मुलगी मराठी शाळेत शिकलेली, घरात सगळं मराठी, आणि तिला कन्नड पाहिजे, ऑफिसातला फॉर्म स्वतः भरायचाय, दुसऱ्याला विनवायचं नाही. बॅबलच्या १४ भाषांत भारतातली एकही नाही. ड्युओलिंगोवर हिंदी मिळते, कन्नड नाही, मराठी पण नाही. एवढे आपण बोलणारे, आणि आपला नंबरच नाही तिथं.

तिनं भाषा संगम घेतलंय. केंद्र सरकारचं ॲप, २०२१ मध्ये आलं, बेंगळुरूच्या मल्टीभाषी कंपनीनं बनवलेलं, २२ भारतीय भाषा, प्रत्येकीत रोजच्या बोलण्यातली १०० वाक्यं. सुरुवातीला पुरतं. पुढचं तिनं अँकीड्रॉइडवर केलं, म्हणजे स्वतः कार्डं बनवून पाठ करायच्या ॲपवर, तिचे हात बघा, कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि शेजारच्या अक्कांनी ते वाक्य म्हटलं की लगेच त्याच कार्डात रेकॉर्ड. अँकीड्रॉइड फुकट आहे, कोड खुला आहे, स्वयंसेवक चालवतात, आणि खातं काढलं नाही तरी कार्डं तिच्याच फोनमध्ये राहतात.