पिवळ्याधमक गुळामागची पांढरी भुकटी

दिवाळी सरली की कोल्हापूरच्या शिवारात गुऱ्हाळांची चुलवाणं पेटतात. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसाचा रस उकळतो, मळी वर येते, गुळव्या ती काढून टाकतो. मग डब्यातून मूठभर पांढरी भुकटी रसात पडते. नाकाला झिणझिण्या येतात, डोळे चुरचुरतात. ही हायड्रॉस. पूर्ण नाव सोडियम हायड्रोसल्फाइट.

मूळची ही कापड रंगवण्याच्या धंद्यातली; कापडाच्या इचलकरंजीला काही नवी नाही. गुळात ती शिरली रंगापायी. सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, ढेप फोडून आधी रंग बघतात आणि पिवळ्याला भाव चढा मिळतो. एकट्या गुळव्याला काय बोलणार?

या भुकटीचं ओलाव्याशी वैर. जरा दमट झाली की आपोआप तापते, पेटूही शकते आणि सल्फर डायऑक्साइड सोडते. आणि गुऱ्हाळ म्हणजे दिवसभर वाफच वाफ! तिथं डबा उघडा, त्यात ओला हात. दम्याच्या माणसाला तो वायू छातीत भरला तर धाप लागायला वेळ लागत नाही.

साठा हवा कोरड्या खोलीत, चुलवाणापासून लांब, झाकण घट्ट. काढायला कोरडं माप, हातात मोजे, डोळ्यांना चष्मा. डोळ्यात गेलीच तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं, मग थेट दवाखाना. अन् पेटली तर? वाळू टाकून दडपत नाही, कारण जळायला तिला बाहेरची हवा लागतच नाही. तांब्याभर पाण्यानं भडका उलट वाढतो. मारायचं तर धो धो, तेही लांबून. नाहीतर माणसं बाहेर काढून अग्निशमन दलाला फोन.

खाणाऱ्याचं काय? गुळात सल्फर डायऑक्साइड किलोला ७० मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, असा नियम आहे. डोळ्यांनी ते कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. मुठीनं टाकणाऱ्याला हिशेब कुठला?

रानभेंडीचा चिकट रस घालून मळी काढायची रीत इथं जुनी आहे. तो गूळ तांबूस होतो, भाव दोन पैसे कमी येतो. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण सौद्यातली नजर अजून पिवळ्यावरच आहे. हायड्रॉसचा पिवळेपणा टिकतही नाही. साठवणीत ढेप काळवंडते. तोवर विक्रीच्या पैशांची पट्टी मात्र झालेली असते.