गुण्या, ओळंबा आणि थापी

मंडळी, बेळगावात घर बांधायला काढलं की गवंडी आधी कोपऱ्याला गुण्या लावतो, मग भिंतीवरून ओळंबा सोडतो. 'ओळंब्यात हाय बघा,' असं तो म्हणाला की मालकाचा जीव भांड्यात पडतो. आज ज्या वस्तूंविषयी बोलायचंय, त्यांचं मूळ याच हत्यारांत आहे.

फ्रीमेसन ही बंद दाराआड विधी करणारी जुनी बंधुसंघटना; तिचं नाव काढलं की लोक आवाज खाली आणतात. त्यांच्या शाखेला आणि तिच्या जमण्याच्या जागेला लॉज म्हणतात; उत्तर हिंदुस्थानात तर तिला 'जादूघर' म्हणत. पण लंडनला ग्रेट क्वीन स्ट्रीटवर त्यांचं संग्रहालय आहे, कुणीही जाऊन पाहावं असं. तिथं गुण्या, कंपास, ओळंबा, थापी हेच जागोजागी दिसतं. मेसन म्हणजे गवंडीच. १७१७ साली लंडनच्या चार लॉज एकत्र आल्या असं ते मानतात. तोवर दगड घडवणारे हात मागे पडले होते, हत्यारं मात्र राहिली. गुण्या म्हणजे सरळ वागणं, लेव्हल म्हणजे सारे समान, असे अर्थ त्यांना चिकटले. गवंड्याचं कातडी एप्रनसुद्धा मानाचं वस्त्र झालं.

त्यांच्या चित्रफलकांची गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीला ही चिन्हं खडूनं, कोळशानं जमिनीवर काढत आणि विधी आटोपला की पुसून टाकत. आपल्या रांगोळीसारखंच! पुढे कापडावर, मग लाकडी फळ्यांवर रंगवू लागले, म्हणून आज ती पाहायला तरी मिळतात.

समानतेचं म्हणाल, तर हिंदी माणसाला इंग्रज लॉजचं दार सहज उघडत नव्हतं. मुंबईत १८४३ साली जेम्स बर्न्स यांनी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' काढली, ती हिंदी सभासदांसाठी. बायकांना या लॉजमध्ये प्रवेश नव्हताच, आणि हे मला आजही खटकतं. भारतातल्या लॉजमध्ये मात्र मेजावर एकच ग्रंथ नसतो. गीता, कुराण, बायबल शेजारी शेजारी असतात आणि ज्यानं त्यानं आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. १८८४ मध्ये कलकत्त्याच्या 'अँकर अँड होप' लॉजमध्ये एकवीस वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, दाखल झाला. तोच आठ वर्षांनी संन्यासी होऊन आपल्या बेळगावात आला, भाटे वकिलांकडे आणि मग हरिपद मित्रांकडे उतरला.

पण सगळ्यांत जास्त वेळ थांबावं ते चांगीच्या वस्तूंपाशी. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, हजारो सैनिक चांगीच्या छावणीत कैद झाले. त्यांच्यातले मेसन तिथंही जमत. पदकं, चिन्हं कुठून आणणार? हाती लागेल तो पत्रा, धातूचा तुकडा घेऊन त्यांनी ती घडवली. पोटाला पुरेसं मिळत नसताना माणूस पत्र्याचा गुण्या कापत बसतो, तेव्हा तो काय धरून ठेवत असेल? राजवाड्यातल्या सोनेरी खुर्च्यांपेक्षा मला हे तुकडे मोठे वाटतात. आणि ते बोलतात, कारण कोणी, कुठे, कधी केले हे कुणीतरी लिहून ठेवलं.

आपलं गाव छावणीचं. मराठा रेजिमेंटमुळे कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांची पदकं आहेत. ती चिंचेनं घासून लख्ख करू नका, कोरलेलं नाव झिजतं. आज घरी गेल्यावर आजीला विचारा, हे कुणाचं, कुठल्या लढाईचं. ती सांगेल तसं कागदावर उतरवा आणि तो कागद त्याच डबीत ठेवा.