गजांमधून दिसलेलं झाड

श्रोतेहो, नमस्कार. एखादी गोष्ट मनापासून आवडली की आपण पटकन म्हणतो, ‘अफलातून!’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. प्लेटोला अरब लोक ‘अफलातून’ म्हणतात. आज ज्या चित्रकर्तीविषयी बोलायचंय, तिचं आडनावच अफलातून. इंजी अफलातून.

जन्म १९२४ चा, कैरोतल्या बड्या जमीनदार घराण्यातला. घरात फ्रेंच चाले. अरबी, म्हणजे आपल्याच लोकांची भाषा, ती मोठेपणी शिकली. वडिलांपासून वेगळी झालेली आई कैरोत स्वतःचं कपड्यांचं दुकान चालवायची. घरचं हे उदाहरण इंजीला पुढे फार उपयोगी पडलं असावं. कामेल तिल्मिसानी हे तिचे चित्रकलेचे शिक्षक. वयाच्या अठराव्या वर्षी, १९४२ मध्ये, ‘कला आणि स्वातंत्र्य’ या बंडखोर गटाच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. मग ती डाव्या चळवळीत शिरली, बायकांच्या हक्कांवर लिहू लागली आणि खेड्यातल्या राबणाऱ्या बायका रंगवू लागली.

१९५९ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या सरकारने कम्युनिस्टांची धरपकड केली, तेव्हा इंजीलाही पकडलं. पुढची चार वर्षं कैरोच्या उत्तरेला, नाईलकाठच्या कनातिरच्या महिला तुरुंगात गेली. तिथंही तिने ब्रश सोडला नाही. आधी सोबतच्या कैदी बायका रंगवल्या: दाटीवाटीने निजलेल्या, गजांना टेकून बसलेल्या. नंतर नजर भिंतीपलीकडे गेली. नदीवरून सरकणारी होड्यांची शिडं आणि एक झाड. तेच झाड तिने पुन्हा पुन्हा काढलं, निरनिराळ्या ऋतूंत. सोबतिणी त्याला ‘इंजीचं झाड’ म्हणू लागल्या. भिंतीपलीकडचं, कुणाच्याच मालकीचं नसलेलं एक झाड, आणि बराकीतल्या बायकांनी ते तिच्या नावावर करून टाकलं! मला तरी कुठल्याही पुरस्कारापेक्षा हे मोठं वाटतं.

१९६३ मध्ये सुटका झाली आणि चित्रं उजळली. शेतं, संत्र्याच्या बागा, कापणी करणारी माणसं. रंगांचे छोटे छोटे फटकारे, आणि दोन फटकाऱ्यांमध्ये कोराच ठेवलेला पांढरा कॅनव्हास. जवळून पाहिलं तर नुसते तुटक ठिपके. चार पावलं मागे सरकलं की त्याच कोऱ्या जागेतून ऊन वर येतं. पूर्वीच्या गच्च, काळपट चित्रांत हवा शिरायलासुद्धा वाव नव्हता.

१९८९ मध्ये इंजी गेली. तिची पुष्कळ चित्रं कैरोच्या जुन्या वस्तीतल्या अमीर ताझच्या वाड्यात ठेवली गेली. कधी कैरोला जाणं झालं, तर पिरॅमिड पाहून झाल्यावर तिकडेही वाट वाकडी करा.