रस मोडतो म्हणजे काय होतं?

श्रोतेहो, नमस्कार. उसाचा रस मोडला की गूळ बसत नाही, असं का होतं ते आज पाहू. आपल्या डब्यातली साखर म्हणजे एक जोडी आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, एकमेकांना धरून बसलेले. ही जोडी ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२, ऑक्सिजनचे ६ अणू. फ्रुक्टोजमध्येही अगदी तेवढेच. अणू तेच, मांडणी वेगळी, म्हणून फ्रुक्टोज जास्त गोड. दोघांचा रेणुभार १८० आणि १८०. जोडी जमताना पाण्याचा एक रेणू, म्हणजे १८, बाहेर पडतो आणि साखर होते ३४२ची.

आता निपाणीकडं चला. वेदगंगेकाठी माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं. मी नववीत असताना एकदा ऊस तोडून झाला आणि इंजिनच बंद पडलं. चार दिवस मोळ्या उन्हात. पाचव्या दिवशी घाणा फिरला. चुलवाण पेटलं, काहिलीत रस उकळला, भेंडीचं पाणी घालून मळी काढली. सगळं नेहमीसारखं.

गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरानं, पाक पाण्यात सोडून बोटांत धरला आणि म्हणाला, "आण्णा, गोळी हुईना." तरी पाक गार करायच्या वाफ्यात ओतला. रात्र गेली, गूळ बसला नाही. सकाळी मामीनं बोट लावलं तर तार निघाली. आजी म्हणाली, "ऊस शिळा झाला की रस मोडतोय."

मोडतोय! किती नेमका शब्द. तोडलेल्या उसात विकरं (एन्झाइम) आणि जिवाणू ती जोडी मोडतात. बाहेर गेलेलं पाणी परत आत शिरतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे होतात. सुटं फ्रुक्टोज ओल धरून ठेवतं, साखरेला कण धरू देत नाही. जोडी मोडली की कण नाही, कण नाही की ढेप नाही. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो तेही जोडी मोडायलाच, थोडीशी, म्हणजे पाक साखरत नाही.

तो गूळ व्यापाऱ्यानं उचलला नाही. मामांनी डब्यांत भरला आणि आम्ही आखाडापर्यंत भाकरीशी खाल्ला. गोड मात्र तो फार लागायचा.