पत्र्याखालच्या माणसाचा उन्हातला वाटा

(सोलापुरात यंत्रमाग कामगारांच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी,

मे महिन्यात आपल्याकडे दुपारी बाराला पत्र्यावर हात टेकवत नाही. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, जितका उन्हाळा कडक तितकी सोलरची वीज जास्त. तसं नसतं. पॅनेलला उजेड हवा असतो, ताप सोसत नाही. त्याच्यावर छापलेली क्षमता 25 अंशांना मोजलेली असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पॅनेल स्वतः 65 अंशांपर्यंत तापतं आणि प्रत्येक चढत्या अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. चाळीस अंशांचा हिशेब करा, बारा ते सोळा टक्के तिथेच गेले. म्हणून ठेकेदाराला पत्र्याला चिकटवून पॅनेल बसवू देऊ नका. खालून वारं खेळलं पाहिजे.

माझ्या थोरल्या भावाच्या गच्चीवर पॅनेल बसवली तेव्हा सगळे खूश होते. दिवाळीनंतर युनिट कमी पडायला लागले. वहिनी रोज संध्याकाळी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहायच्या, म्हणून ते लक्षात तरी आलं. वर जाऊन बघितलं तर तीन वाजल्यापासून पाण्याच्या टाकीची सावली कडेच्या एका पॅनेलवर पडत होती. पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात, एक झाकलं की ओळीतल्या बाकीच्यांवरही परिणाम होतो. टाकी सरकवली, काम झालं. पण त्या कॅलेंडरवर आकडे नसते तर वर्षभर कुणाला पत्ता लागला नसता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये अनुदान आहे. चांगलं आहे. पण ते मिळतं कुणाला? ज्याचं छप्पर आणि ज्याच्या नावावर मीटर, त्याला. एका किलोवॉटला शंभर चौरस फूट जागा लागते. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, दिवसभर मागावर उभ्या असलेल्या माणसाने पॅनेल कुठे बसवायचं? बिल मात्र त्यालाही येतंच. मला या प्रश्नाने खूप वर्षं छळलंय, आणि त्याचं उत्तर मला सहकारातच दिसतं.

गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचं गाव आहे. तिथे 2016 साली सहा शेतकऱ्यांनी सौर सिंचनाची सहकारी मंडळी काढली. आधी ते डिझेलवर पाणी उपसायचे. सोलर पंपाची एक अडचण असते: ऊन फुकट, म्हणून माणूस गरज नसतानाही पाणी उपसत राहतो. उजनीच्या आणि उसाच्या जिल्ह्यात हे मी वेगळं सांगायला नको. ढुंडीत काय केलं, तर उरलेली वीज मंडळीमार्फत वीज कंपनीला विकायची, युनिटला 4 रुपये 63 पैसे. प्रत्येकाच्या पंपाला वेगळा मीटर, आणि कंपनीच्या तारेला जोडणारा सगळ्यांचा मिळून एक मीटर. पंप बंद ठेवला की पैसे मिळायला लागले. पाणी वाचवा म्हणून भाषण द्यावं लागलं नाही.

अमेरिकेत वीज सहकारी संस्था याच्याही पुढे जातात. संस्था एका जागी प्रकल्प उभारते, सभासद त्यातल्या पॅनेलचा वाटा घेतो आणि त्या वाट्याची वीज त्याच्या घरच्या बिलातून वजा होते. स्वतःचं छप्पर लागतच नाही. आपल्या देशात दिल्लीने 2019 मध्ये अशी सोय नियमांत आणली.

आपल्या महाराष्ट्रातही वीज सहकार होता. नगर जिल्ह्यातल्या मुळा-प्रवरा संस्थेने चार दशकं गावोगाव वीज पोचवली. 2011 मध्ये तिचा परवाना संपला आणि काम महावितरणकडे गेलं. थकबाकीचा डोंगर वाढत गेला होता. ही गोष्ट मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तारा, खांब, सभासद सगळं असूनही वसुली आणि हिशेब सुटला की काय होतं, ते आपल्याला आधीच माहीत असावं, एवढ्यासाठी सांगतो.

आपल्या संस्थेपुरतं जवळचं काम सामाईक वापराचं आहे: पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे. गृहनिर्माण संस्थांना त्यासाठी किलोवॉटला 18,000 रुपये अनुदान आहे. दहा किलोवॉट बसवले तर हजार चौरस फूट गच्ची लागेल आणि रोज सरासरी चाळीस युनिट मिळतील. देखभालीचा खर्च उतरला की त्याचा फायदा भाडेकरूपर्यंत पोचला पाहिजे, असा ठराव मी आज मांडणार आहे आणि त्यावर अडून बसणार आहे.

पॅनेल धुण्याचं काम सूर्य उगवायच्या आत करायचं. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. परवा मी नमुन्याला एक पॅनेल पुसलं. मागांचं तूस आणि रस्त्याची धूळ मिळून कापड काळंभोर झालं, बादलीत तळ दिसेना. पंधरा दिवसांनी एकदा, दोन-दोन घरांची पाळी लावू. मीटरचा आकडा रोज जिन्याखालच्या फळ्यावर, सगळ्यांना दिसेल असा. तो कोण लिहिणार, ते चहाच्या आधी ठरवू या. पहिल्या महिन्यासाठी माझं नाव घ्या.