माइकपासून फाइलपर्यंत : घरच्या रेकॉर्डिंगचे पहिले प्रश्न

दृश्य : लॅपटॉपचा पडदा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलेलं, लाल बटण लागलेलं. उभी रेघ उजवीकडे सरकतेय. गाण्याचा आवाज स्पष्ट येतोय, ट्रॅकवर मात्र सपाट रेषा.

निवेदन : गाणारा गातोय, घड्याळ पुढे पळतंय आणि ट्रॅकवर काहीच उमटत नाही. घरी संगणकावर रेकॉर्डिंग करायला बसलेल्या बहुतेकांची पहिली गाठ पडते ती या सपाट रेषेशी. माइक बिघडला असावा, ही शंका लगेच येते. बहुतेक वेळा माइक ठणठणीत असतो. सॉफ्टवेअरच भलतीकडे कान लावून बसलेलं असतं. बहुधा लॅपटॉपच्या चौकटीतल्या त्या टाचणीएवढ्या माइककडे. कधी ऑपरेटिंग सिस्टिमनं सॉफ्टवेअरला माइक वापरायची परवानगीच दिलेली नसते. कधी केबल पहिल्या इनपुटमध्ये असते आणि ट्रॅक दुसऱ्या इनपुटची वाट बघत असतो.

तपासायचा क्रम सोपा आहे. आवाज ज्या वाटेनं जातो, त्याच वाटेनं आपणही जायचं : खोली, माइक, केबल, इंटरफेस (माइक आणि संगणक यांच्यामधली पेटी), सॉफ्टवेअर आणि शेवटी फाइल. नवख्यांच्या जवळपास प्रत्येक प्रश्नाला या वाटेवर एक ठरलेली जागा असते. आणि एक नियम फार कडक आहे : आधीच्या टप्प्यावर बिघडलेलं पुढच्या टप्प्यावर क्वचितच सुधारतं. मिक्सिंगमध्ये, म्हणजे ट्रॅकांचा मेळ घालताना, बघून घेऊ, असं म्हणणाऱ्याला मिक्सिंगमध्ये तेच पुन्हा पुन्हा बघावं लागतं.

दृश्य : माइकची जाळी, अगदी जवळून. मग केबलचं टोक, त्यातल्या तीन पिना.

निवेदन : माइकमधून निघणारा विद्युत संकेत अगदी दुबळा असतो, मिलिव्होल्टच्या घरातला. त्याला बळ देणं आणि मग त्याचे आकडे करणं, ही दोन कामं ऑडिओ इंटरफेस करतो. लॅपटॉपचं हेडसेटचं भोक हेच काम करतं, पण ते बोलण्यापुरतं बनवलेलं असतं; गाणं त्यातून घ्यायला गेलं की खरखर सोबत येते. यूएसबी माइकमध्ये इंटरफेस आतच बसवलेला असतो. एकट्यानं गायचं असेल तर तो उत्तम. गाणं आणि गिटार एकाच वेळी, वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायची वेळ आली की त्याची मर्यादा कळते.

माइकचे दोन मुख्य प्रकार. कंडेन्सर घ्यावा की डायनॅमिक? कंडेन्सर बारीकसारीक टिपतो : गायकाचा श्वास, तारेवरून सरकणारं बोट, आणि त्याच तत्परतेनं शेजारच्या खोलीतला फ्रिजही. त्याला चालायला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला पोचणारी वीज, लागतो. इंटरफेसवरचं ‘४८ व्ही’ लिहिलेलं बटण त्यासाठीच असतं आणि ते न दाबल्यामुळे कित्येक नवे माइक परत पाठवले जातात. डायनॅमिक माइक तसा जाड कानाचा. खोली चांगली नसेल तर मी तोच सुचवेन, इतर कुणी काहीही म्हणो.

इलेक्ट्रिक गिटार इंटरफेसला थेट जोडता येते, पण वाद्याचं चिन्ह असलेल्या किंवा ‘हाय-झी’ लिहिलेल्या इनपुटला. साध्या लाइन इनपुटला जोडली की तिचा आवाज मळकट येतो, वरचे सूर झडून जातात.

आणि आवाज फक्त डाव्या कानात ऐकू येतो, ही तक्रार? माइक एक आहे, ट्रॅक स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या दोन वाटांचा, केलाय. ट्रॅक मोनो करा, आवाज मधोमध येईल.

दृश्य : इंटरफेसवरची गेनची कळ फिरतेय. पडद्यावर मीटर हिरव्यातून लाल होतं. मग ध्वनिलहर खूप मोठी करून दाखवलेली : शेंडे सपाट कापलेले.

निवेदन : हे शेंडे बघा. लहर वर चढत गेली आणि एका ठिकाणी सुरीनं कापावी तशी सपाट झाली. डिजिटल मीटरवर शून्य म्हणजे छत. त्यापलीकडे आकडेच नाहीत, म्हणून जे वर गेलं ते नोंदलंच गेलं नाही. यालाच आवाज क्लिप होणं म्हणतात. आता सॉफ्टवेअरमधला फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, कितीही खाली ओढला तरी कापलेला शेंडा परत येत नाही. तोच फाटका आवाज फक्त हळू ऐकू येतो. दुरुस्ती करायची ती इंटरफेसच्या गेनवर, म्हणजे माइकच्या संकेताला किती बळ द्यायचं ते ठरवणाऱ्या कळीवर, आणि गाण्याआधी.

गेन किती ठेवावा? गाण्यातली सगळ्यात जोरकस ओळ म्हणून बघा आणि मीटरचा उंच टोकाचा आकडा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन लावा. मीटर भरभरून ठेवा, हा जुना सल्ला टेपच्या काळातला. टेपला स्वतःची सळसळ असायची आणि तिच्यावर मात करायला आवाज जोरात नोंदावा लागे. डिजिटल नोंद किती बारीक ते बिटवर ठरतं : २४ बिटमध्ये कागदावर तरी सगळ्यात हळू ते सगळ्यात जोरकस असा १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो, १६ बिटमध्ये ९६. तेव्हा २४ बिट निवडा आणि वर जागा मोकळी ठेवा.

सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे यावर, फार वेळ घालवू नका. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं आणि तेवढं नोंदायला सेकंदाला ४० हजारांहून जास्त नमुने लागतात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी ४४,१०० ठरले. व्हिडिओच्या जगात ४८,००० चालतात. दोन्ही चांगले. घोळ होतो तो मिसळीचा : ४८,०००ची फाइल ४४,१०० समजून वाजवली की गाणं रेंगाळतं आणि सूर खाली उतरतो.

दृश्य : हेडफोन लावलेला गायक. आधी नोंदलेल्या गिटारवर गायला लागतो, दोन ओळींत अडखळतो, हेडफोन काढतो.

निवेदन : हा अडखळला, कारण त्याचा आवाज त्याच्या कानात उशिरा पोचला. नवखे सर्वात जास्त हैराण होतात ते या लेटन्सीपायी.

आधीचं ऐकत त्यावर नवं वाजवायचं, एकट्यानंच सगळा वाद्यवृंद उभा करायचा, ही घरच्या रेकॉर्डिंगची खरी ताकद. १९४०च्या दशकात अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांनी हॉलिवूडमधल्या घराच्या गॅरेजमध्ये गिटारचे थर असेच एकावर एक चढवले, तेही तबकड्यांवर. एक तबकडी वाजवायची, सोबत स्वतः वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायचं. पाचव्या थराला बोट चुकलं तर मागे जायची सोय नव्हती. १९७९मध्ये टॅस्कॅम कंपनीचा पोर्टास्टुडिओ हा कॅसेट रेकॉर्डर आला आणि साध्या कॅसेटवर चार वेगळे ट्रॅक मिळू लागले. आज ट्रॅक हवे तितके मिळतात. पण उशीर ही अडचण संगणकासोबत नव्यानं आली.

संगणक आवाजाचे नमुने एकेक करून हाताळत नाही. तो त्यांचा गठ्ठा साठू देतो आणि मग उचलतो. हा गठ्ठा म्हणजे बफर. बफर १,०२४ नमुन्यांचा आणि सेकंदाला ४४,१०० नमुने, तर एक गठ्ठा भरायलाच २३ मिलिसेकंद जातात. आत येताना एक गठ्ठा, बाहेर जाताना दुसरा, वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ. बफर १२८ केला की एका गठ्ठ्याला तीनच मिलिसेकंद लागतात.

हे कानाला किती जाणवतं? हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरवरच्या स्पीकरमधून स्वतःची गिटार ऐकण्याइतका. वादकाला तो चालून जातो. गायकाला मात्र त्याहून कमी उशीरही खुपतो, कारण त्याचा आवाज हाडांमधून त्याच्या कानाला आधीच पोचलेला असतो. मागून हेडफोनमधला येऊन त्यात मिसळतो आणि आवाज पोकळ वाटायला लागतो.

उपाय दोन. पहिला, रेकॉर्डिंग करताना बफर लहान ठेवणं. विंडोजवर त्यासाठी इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि सॉफ्टवेअर यांना जोडणारा प्रोग्राम) लागतो. स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७मध्ये काढलेली ही पद्धत अजून चालू आहे. मॅकवर सिस्टिमचं कोअर ऑडिओ पुरतं. बफर फारच लहान केला तर संगणकाची दमछाक होते आणि आवाजात टकटक यायला लागते. मग एक पायरी वर चढा. मिक्सिंगला बसलात की खुशाल १,०२४ करा, तिथे उशिरानं काही बिघडत नाही.

दुसरा उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग, आणि माझं मत विचाराल तर आधी हाच करून बघा. यात तुमचा आवाज संगणकात न शिरता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला जातो. मात्र सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. ब्लूटूथ हेडफोन या कामात नकोतच. त्यांचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर सहज जातो.

दृश्य : टेबलावर माइक, त्याच्या जाळीला हेडफोन टेकवलेला. मेट्रोनोमची टिकटिक. पडद्यावर दोन ट्रॅक, एकाखाली एक.

निवेदन : आणखी एक प्रश्न उरतो. वाजवताना लय पक्की होती, ऐकताना मात्र सगळं मागे पडलेलं वाटतं. याची चाचणी घरीच होते. मेट्रोनोमची, म्हणजे लय धरून देणाऱ्या साधनाची, टिकटिक एका ट्रॅकवर ठेवा, हेडफोन माइकला टेकवा आणि तीच टिकटिक दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. आता पडदा मोठा करून दोन टोकं बघा. खालचं टोक वरच्याच्या नेमकं खाली असेल तर सॉफ्टवेअरनं उशीर आपणहून वळता केलाय. उजवीकडे सरकलेलं असेल तर ते अंतर नमुन्यांत मोजा आणि सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग ऑफसेटच्या खान्यात भरा. पुन्हा तीच चाचणी घ्या. टोकं जुळली पाहिजेत. उलट आणखी लांब गेली, तर उणे-अधिकचं चिन्ह बदला.

दृश्य : रिकामी खोली. कुणीतरी टाळी वाजवतं, झणझणीत पडसाद. तीच टाळी कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर.

निवेदन : दोन टाळ्यांमधला फरक कुठल्याही महागड्या माइकनं विकत मिळत नाही. उघड्या भिंतींवरून परतलेला आवाज गाण्यात एकदा मिसळला की वेगळा काढता येत नाही. माइकच्या मागे फोम लावलेला पुष्कळदा दिसतो, पण एका दिशेनं ऐकणारा माइक मागून फारसं घेतच नाही. तो बघतोय गायकाकडे, म्हणजे गायकाच्या पाठीमागच्या भिंतीकडेही. जाड रजई किंवा गादी तिकडे उभी करा. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून शेजारचा आवाज थांबत नाही. त्यासाठी वजनदार भिंत आणि बुजवलेल्या फटी लागतात.

अंतराचाही मोठा फायदा होतो. तोंड तीस सेंटिमीटरवरून पंधरावर आणलं की थेट आवाज साधारण सहा डेसिबलनं वाढतो, खोलीचा आहे तेवढाच राहतो. अगदीच जवळ गेलात तर खर्ज फुगतो आणि प, फ, भ ही अक्षरं माइकवर आदळतात. तळहात तोंडापुढे धरून ‘फुलपाखरू’ म्हणा. जो झोत लागतो तोच माइकला लागतो. मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे झोत अडवणारी जाळी, लावा, किंवा माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला घ्या.

दृश्य : छोटा मिडी कीबोर्ड. बोटं चालतायत, आवाज नाही.

निवेदन : हा कीबोर्ड बिघडलेला नाही. १९८३पासून चालत आलेली मिडी ही भाषा आवाज पाठवतच नाही. कुठली पट्टी, किती जोरात, कधी दाबली आणि कधी सोडली, एवढंच ती सांगते, तेही शून्य ते १२७ या आकड्यांत. आवाज हवा तर त्या ट्रॅकवर सॉफ्टवेअरमधलं एखादं वाद्य लावावं लागतं. यात एक सुख आहे : चुकलेला सूर नंतर बोटानं सरकवता येतो.

सॉफ्टवेअर कुठलं, यावर लोक तासन्‌तास भांडतात. ऑडॅसिटी मोफत आहे आणि कापाकापीला छान. मिडी वाद्यांसाठी मात्र रीपर, क्यूबेस किंवा मॅकवर गॅरेजबँडसारखं काही बघा. एक निवडा आणि वर्षभर बदलू नका.

दृश्य : फाइल बाहेर काढण्याची चौकट. ‘डब्ल्यूएव्ही’ निवडलेलं.

निवेदन : काम चालू असेपर्यंत डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाजातलं काही न गाळणारी फाइल. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला सुमारे दहा एमबी घेतो, घेऊ द्या. एमपी३ करताना जे गाळलं जातं ते परत मिळत नाही, म्हणून ती फाइल सर्वात शेवटी. गाणं इतरांपेक्षा हळू वाटतं म्हणून लिमिटरनं (आवाजाचे शेंडे दाबणाऱ्या साधनानं) दाबून दाबून जोरात करायचा मोह आवरा. स्पॉटिफायसारख्या सेवा वाजवताना सगळी गाणी एका पातळीवर आणतात. तिथे ती नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आहे. तुम्ही जोर वाढवून पाठवलं तर ती सेवा ते खाली ओढते आणि दाबलेपणा तेवढा तुमच्याकडे राहतो.

मित्राला प्रोजेक्ट पाठवला, त्याच्याकडे सगळे ट्रॅक रिकामे उघडले, हाही नेहमीचा प्रकार. बहुतेक सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये आवाज नसतोच. कुठली फाइल कुठे ठेवलीय आणि कुठून कुठवर वाजवायची, याची फक्त टिपणं असतात. पाठवायचं ते अख्खं फोल्डर, आतल्या ऑडिओ फाइलींसकट. त्याच्याकडे दुसरं सॉफ्टवेअर असेल तर प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून वेगळा डब्ल्यूएव्ही करून द्या, सोबत गाण्याचा टेम्पो, म्हणजे लयीचा वेग, लिहून.