ताणावरचं झाड

नमस्कार श्रोते हो.

नागपूरच्या माणसाला मे महिना समजावून सांगावा लागत नाही. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि दुपारभर कूलरसमोर मुक्काम. आपण ऊन चुकवतो. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या झाडाला मात्र कुठे जाता येत नाही. पारा 45च्या वर गेला तरी ते आपलं वावरात उभं.

अशाच एका मे महिन्यात ओळखीच्यांच्या बगीच्यात गेलो होतो. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाचा फुलोरा, धरायचा म्हणून पाणी तोडलेलं होतं. पानं कडांनी वर वळून होडीसारखी झालेली, हिरवा रंग उतरलेला, बोटांत धरली तर कागदासारखी. मी जरा घाबरूनच मालकांकडे पाहिलं. ते हसले. म्हणाले, "मेलं नाही जी सर, ताणावर हाय."

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात जो 'ताण' असतो, तोच हा. पण आपल्या शेतकऱ्यानं त्याचं अवजार केलं. झाडाला काही दिवस तहानेलं ठेवायचं, मग पाणी सोडायचं, की फुलं येतात. आंबिया बहाराचा ताण थंडीत, मृगाचा भर उन्हाळ्यात. प्रश्न असा, की त्या उन्हात पान जळून कसं जात नाही? उत्तरातला एक मोठा भाग आपण सोलून खातो. क जीवनसत्त्व.

हे जीवनसत्त्व झाड आपल्यासाठी करतं, असं आपल्याला उगीचच वाटतं. झाडाला आपल्या सर्दीचं काय? ते स्वतःच्या गरजेपुरतं करतं, आणि फळातच नाही, हिरव्या पानातही भरपूर ठेवतं. माणसाला ते शरीरात तयार करता येत नाही. त्यासाठी लागणारं एक जनुक आपल्या पूर्वजांमध्ये फार पूर्वीच निकामी झालं. झाड ते साखरेपासून बनवतं. कसं, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. त्याचा मुख्य मार्ग निकोलस स्मर्नॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली दाखवून दिला.

आता दुपारी दोन वाजता पानात काय चालतं ते बघा. पाणी वाचवायला पान आपली पर्णरंध्रं मिटून घेतं. त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड आत यायचा थांबतो. ऊन थोडंच थांबतंय? हरितद्रव्य ते पकडतच राहतं, पण त्या ऊर्जेतून साखर करायला कच्चा माल नाही. मग ती भलतीकडे जाते, प्राणवायूवर. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पार्लरमध्ये केसांचा रंग उडवायला वापरतात ना, तेच. नाजूक पेशीत ते साचलं तर पान आतून करपतं.

इथे क जीवनसत्त्व मध्ये पडतं. एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मदतीनं ते पेरॉक्साइडचं चक्क पाणी करून टाकतं. यात ते स्वतः रिकामं होतं, पण वाया जात नाही. पंगतीतला वाढपी भांडं संपलं की आत जाऊन भरून आणतो, तसं पेशी त्याला पुन्हा भरून कामावर धाडते. शिवाय त्याच्याच मदतीनं पानातलं एक पिवळं रंगद्रव्य रूप बदलतं आणि जास्तीचं ऊन उष्णता म्हणून बाहेर टाकायला हातभार लावतं.

हे नुसतं तर्कानं मांडलेलं नाही. 1996 साली मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाचा एक वाण अभ्यासला गेला. ओझोन वायू लागला की तो इतरांपेक्षा लवकर करपायचा. तपासलं तर त्यात क जीवनसत्त्व नेहमीच्या जेमतेम 30 टक्के.

हे ऐकून काही जण विचारतात, मग क जीवनसत्त्वाची फवारणीच केली तर? प्रयोगांत, कुंडीतल्या रोपांवर फायदा दिसलेला आहे. पण ते पाण्यात विरघळवलं की हवेनं आणि उजेडानं लवकर निकामी होतं. तांब्याशी तर त्याचं अजिबात जमत नाही. ज्या पंपात काल बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं तांबंवालं औषध, होतं, त्यातच हे घातलं तर झाडाला मिळण्याआधीच संपायचं. माझं मत विचाराल, तर त्या पुडीवर पैसे घालण्याआधी आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन पसरा. पानाला स्वतःचं क जीवनसत्त्व करायचं तर आधी ते जिवंत आणि बऱ्यापैकी धडधाकट राहायला हवं. हलक्या जमिनीत भारी जमिनीइतके दिवस ताण ओढू नका. हलक्या मातीतली ओल लवकर संपते.

त्या बगीच्यात मी संध्याकाळपर्यंत थांबलो होतो. ऊन कलल्यावर दुपारच्या त्या होड्या थोड्या उलगडल्या होत्या. मालकांनी एक पान मला दाखवलं, मग आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "अजून आठ दिवस तोडतो पाणी. मग पहिलं हलकंच देईन."